उजवा कौल

"बाळा, कौल लावचो आसा," शेवंती म्हणाली, आणि हातातला नारळ देवळाच्या पायरीवर ठेवून पदराने कपाळ पुसत उभी राहिली.

सकाळचे आठ वाजले असतील. रवळनाथाला आंघोळ घालून मी नुकताच गाभाऱ्याबाहेर आलो होतो. अंगावर ओला पंचा, पोटात चहाचा घोटही नाही. मी वैतागलो. कौल लावायचा तर आदल्या दिवशी सांगायची रीत आहे. मानकऱ्याला निरोप द्यावा लागतो, त्याच्याशिवाय कौल होत नाही. आयत्या वेळी येऊन उभं राहायला हे काय चहाचं हॉटेल आहे?

"काल सांगूक काय झाला होता तुका?"

"काल माझा ठरला नव्हता."

"आणि आज ठरला?"

"ठरवकच होया. आज सांजवाक शिरंब्याची माणसां येतली. होय काय नाय, ता त्येंका आज सांगूचा आसा. भाऊ दळवींका निरोप देवनच इलंय मी. ते येतत."

म्हणजे सगळं करून आली होती. शिरंब्याची माणसं म्हणजे राऊळ, आणि उत्तर द्यायचं होतं ते तिच्या धाकट्या मुलीच्या, वैजूच्या लग्नाचं. मला ते तीन आठवड्यांपासून ठाऊक होतं. तीन आठवडे मी शेवंतीच्या घरावरून जाणारी पायवाट सोडून शेताच्या बांधावरून देवळात येत होतो.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे अडल्या वेळी लोक देवाला विचारतात. गुरव देवाच्या पाषाणावर दोन पाकळ्या पाण्यात बुडवून चिकटवतो, एक देवाच्या उजव्या खांद्यावर, एक डाव्या. मग गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी आधी पडली तर नकार. ह्याला कौल म्हणतात. मी बाळा, इथला गुरव, म्हणजे पाकळ्या लावणारा मी. शहरातल्या लोकांना वाटतं गुरवाला गावात फार मान असतो. मान देवाला असतो, मानकऱ्याला असतो. गुरवाला "जरा सरक रे, दर्शन घेवंदी" म्हणतात.

शेवंती परब आमच्याच वाडीतली. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. शाळेत आम्ही एकाच खोलीत शिकलो, कारण शाळेला खोली एकच होती. तिचा नवरा वारून तेव्हा नऊ वर्षं झाली होती. पदरात दोन मुली. थोरली निमा, तिचं लग्न शेवंतीच्या सख्ख्या भावाने जमवलेलं. मुलगा मुंबईला आहे, खोली स्वतःची आहे, मी डोळ्यांनी बघून आलो आहे, असं शेवंतीचा हा भाऊ देवळाच्या पायरीवर हात ठेवून बोलला होता. खोली होती. खोलीत आधीची बायकोही होती. निमा सात महिन्यांत परत आली आणि तेव्हापासून मागच्या पडवीत काजू सोलत बसायची. कोणाशी बोलायची नाही.

"माणसांचा ऐकून झाला माझा," शेवंती म्हणाली. "सख्ख्या भावान सांगलेला. गळ्याची शपथ घेवन सांगलेला. आता माका कोणाचा ऐकूचा नाय. वैजूचा काय ता देव सांगात. तो उजवी देत तर लगीन, डावी देत तर चेडू घरात ऱ्हवात. माझा मन निवांत."

"बरा," मी म्हटलं.

ती थोडी घुटमळली. मग म्हणाली, "तू शिरंब्याक ऱ्हवलेलंस मा गेल्या सालाक? बारा दिवस?"

"ऱ्हवलेलंय."

"राऊळांचो झील बघितलंस असशील. उल्हास."

"बघितलंय."

"कसो वाटलो तुका?"

खोटं कशाला बोलू, शब्द तोंडात आला होता. जिभेवर होता. आणि मी काय बोललो? मी म्हणालो, "माका कित्याक इचारतस? देवाक इचारूक इलंस मा? मग त्याकाच इचार."

तिला ते पटलं. हसलीसुद्धा. "ता पण खराच," म्हणाली, आणि कौलाचं पाणी स्वतः काढायचं असतं म्हणून कळशी घेऊन विहिरीकडे गेली.

आता शिरंब्याचं सांगतो.

आदल्या वर्षी मार्गशीर्षात शिरंब्याच्या गुरवाची आई वारली. सुतकात गुरवाला देवाला शिवता येत नाही, म्हणून शेजारच्या गावचा गुरव जाऊन तितके दिवस पूजा करतो. तसा मी गेलो. जेवण रोज एका घरी. सहाव्या दिवशी पाळी राऊळांची. चांगलं घर, सारवलेलं खळं, ओटीवर झोपाळा. उल्हास तालुक्याला रेडिओच्या दुकानात होता, त्या दिवशी सुटी म्हणून घरीच रेडिओ उघडून बसलेला. गोरा, नीटस, हळू बोलणारा. विडी नाही, तंबाखू नाही, दारूचा वासही नाही. मला बसायला पाट दिला त्याने. मी मनात म्हटलं, वा, आईबापाने वळण लावलंय.

त्याच्या आईने ओटी झाडताना स्क्रूची एक डबी उचलून कोनाड्यात ठेवली होती, एवढंच. त्याला ती सापडेना. तो उठला. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. आईजवळ गेला, तिचं मनगट धरलं आणि खांबाला टेकवून पिळायला लागला. सावकाश. मध्ये थांबायचा, मग परत. "कितीदा सांगितलंय, हात लावायचा नाही," असं अगदी समजावून सांगितल्यासारखं म्हणत होता. बांगड्या फुटल्या. म्हातारी ओरडली नाही. ओरडली नाही ह्याचं मला जास्त भय वाटलं, कारण ओरडायची सवय मोडलेली दिसत होती. मग त्याने हात सोडला, जागेवर येऊन बसला आणि मला विचारलं, "चहा घेतलात ना, गुरव?"

म्हातारी खाली बसून काचा वेचत होती. मी कोपऱ्यातली सुपली तिच्यापुढे धरली. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "दारावर हात आपटलो माझो." मी तीन हातांवर बसलो होतो. सगळं बघितलं होतं. तरी ती मला सांगत होती, दारावर हात आपटला. मी म्हटलं, होय, जपून. आणि तिच्या हातचं जेवून आलो.

घरी येऊन बायकोला सांगितलं. म्हटलं, ह्या घरात कोणी मुलगी द्यायला निघालं तर आपण सांगायचं. ठरवायला काय जातं? तेव्हा कोणाची मुलगी समोर नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी वैजूचं नाव निघालं तेव्हा बायको म्हणाली, "सांगा शेवंतीक." मग जरा वेळाने म्हणाली, "पण भाऊंचो भाचो तो. बघा बाबा."

भाऊ दळवी आमच्या गावचे मानकरी. उल्हासची आई त्यांची सख्खी बहीण. देवळाची जमीन मी कसत होतो ती त्यांच्या शब्दावर. आणि गावात लग्न मोडणाऱ्याला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. उद्या राऊळांनी विचारलं, पुरावा काय, तर ती म्हातारीच म्हणणार, दारावर हात आपटला. असं सगळं मी स्वतःला समजावत होतो. माणसाला गप्प बसायचं असलं की कारणं भरभर सुचतात.

भाऊ आले. धोतर, टोपी, हातात काठी. पायरीवर बसले. शेवंती अजून विहिरीवर होती. आम्ही दोघंच.

"फुलां आणलंस?"

"तगर आसा दारात."

"बरा." थोडा वेळ काठी जमिनीवर फिरवत राहिले. मग म्हणाले, "बाळा, पोरगो जरा गरम आसा."

मी त्यांच्याकडे बघितलं. "तुमका म्हायत आसा?"

"माझी भैण ती. माका म्हायत नसात तर कोणाक?" ते रस्त्याकडे बघत बोलत होते. "लगीन झाला की निवळात. बायल इली की माणूस बदालता."

"भाऊनू, मग सांगा तिका. पोरगो कसो आसा ता सांगा. मग ती बघात."

"मी मामा त्याचो. मीच सांगू? भैण जलमभर तोंड बघूची नाय माझा." मग माझ्याकडे वळले. "तुया बघितलंस ना? भैणीन सांगल्यान माका. तू सांग."

"मी गुरव. कौलाच्या आदी गुरव बोललो तर कौल नासता."

आमच्या बाबांनी मला पहिल्यांदा गाभाऱ्यात नेलं तेव्हा हेच शिकवलं होतं. गुरव म्हणजे देवाचे हात. तोंड देवाचं. त्यात आपलं तोंड घालायचं नाही. बाबांनी ते गाभाऱ्यापुरतं सांगितलं होतं. पायरीवर बसूनही गप्प राहा, असं कोणी सांगितलं नव्हतं. पण मला तेव्हा ते फार उपयोगी पडलं.

भाऊंनी सुस्कारा सोडला. "मग देवावरच सोडूया. त्याका सगळा म्हायत आसा. वायट असात तर तो डावी देतलोच."

"देतलोच," मी म्हटलं.

आणि आम्हा दोघांचा जीव भांड्यात पडला. खरंच सांगतो, त्या क्षणी मला वाटलं, केवढी श्रद्धा आपली. दोन जाणती माणसं देवाच्या दारात बसलीत आणि देवावर भार टाकतायत. मला बरं वाटलं.

शेवंती कळशी घेऊन आली. ओल्या पावलांनी उंबऱ्याबाहेर उभी राहिली, हात जोडून. भाऊ तिच्या बाजूला. मी आत गेलो, समई पुढे ओढली, तगरीची दोन फुलं घेतली.

आता हे प्रत्येक गुरवाला ठाऊक असतं आणि कोणी बोलत नाही. पाकळीला पाणी नीट असलं तर ती धरून राहते. पाणी निथळू दिलं, अंगठा हलका ठेवला, तर लवकर सुटते. डाव्या पाकळीचं पाणी मी बोटांनी टिपून काढलं असतं तर ती आधी पडली असती, शेवंती रडली असती, भाऊंनी टोपी सारखी केली असती आणि वैजू घरी राहिली असती. मला बोलायचीसुद्धा गरज नव्हती. नुसती बोटं हलवायची होती.

माझ्या मनात ते आलं. आणि मी ते पाप म्हणून झटकलं. देवाच्या कामात लबाडी करायची नाही. उलट त्या दिवशी मी इतका प्रामाणिक झालो की आयुष्यात कधी झालो नसेन. दोन्ही पाकळ्या एका मापाच्या निवडल्या. एकदम पाण्यात बुडवल्या, एकदम काढल्या, सारख्या निथळल्या. दोन्ही अंगठे एकाच वेळी लावले, एकाच जोराने. मग मागे सरून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा, ह्या तुझा लेकरू शेवंती परब आज तुझ्या दारात उभा ऱ्हवला हा. शिरंब्याच्या राऊळांचा घर तिच्या चेडवासाठी चालान इला हा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," भाऊ म्हणाले. मोठ्याने म्हणाले.

"ता घर तिच्या चेडवाक सुखाचा होतला असात तर उजवी दी. नसात तर डावी देवन लेकराक मोकळा कर, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

समईची वात आणि दोन पांढऱ्या पाकळ्या. मी मनातल्या मनात देवाशी बोलत होतो. तुला सगळं दिसतं. मला दिसलं तेवढं तर तुला दिसलंच असेल. दे डावी. दे ना. किती वेळ गेला सांगता येत नाही. डाव्या पाकळीचं टोक सुटलं. खाली कललं. मी डोळे मिटून म्हटलं, दिलीस.

डोळे उघडले तर उजवी खाली पडली होती. डावी टोकावर लटकून राहिली होती, ती पडलीच नाही.

"दिल्यान," शेवंती म्हणाली. तिचा आवाज फुटला होता. "उजवी दिल्यान गे बाय माझ्या." ती उंबऱ्यावर डोकं टेकून रडायला लागली. नऊ वर्षांचं रडणं असावं ते. भाऊंनी टोपी काढून हातात घेतली.

मी बाहेर आलो. "शेवंती," मी म्हटलं, "परत एकदा लावूया काय?"

ती चमकली. "कित्याक?"

"असाच. मनाची खात्री."

"देवान दिल्यान आणि परत इचारू? त्याची परीक्षा बघू?" तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी अभद्र बोललो होतो. "माणसांनी फसयला माका, बाळा. देव फसवचो नाय."

आणि ती वाकली आणि माझ्या पाया पडली. वयाने लहान असली तरी आमच्यात तसा रिवाज नव्हता. देवाचे हात म्हणून पडली असेल. तेव्हासुद्धा सांगता आलं असतं. ती वाकलेली होती, तिचं तोंड मला दिसत नव्हतं, त्याहून सोपी वेळ कुठली मिळणार? मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, कल्याण होईल.

लग्न फाल्गुनात झालं. मी अक्षता टाकल्या. वैजू हसरी मुलगी होती, बोलता बोलता समोरच्याच्या दंडावर चापट मारायची सवय. हळदीच्या दिवशी मलाही मारली, म्हणाली, "बाळाकाकांनू, तुमच्याच हातान झाला हा माझा लगीन." सगळे हसले.

पहिल्या चतुर्थीला ती माहेरी आली तेव्हा चापटा मारत नव्हती. पोलकं मनगटापर्यंत लांब बाह्यांचं होतं. भाद्रपदातल्या उकाड्यात.

दुसऱ्या वर्षी एकटीच आली, दुपारच्या गाडीने, हातात पिशवीसुद्धा नाही. शेवंतीने तिला तीन दिवस ठेवून घेतलं आणि चौथ्या दिवशी स्वतः नेऊन सोडली. देवळावरून जाताना थांबल्या. शेवंतीने देवाला हात जोडले आणि मला म्हणाली, "सासरी खटके उडतत थोडे. पण देवान दिलेला घर. ता मोडूचा नसता." वैजू माझ्याकडे बघत नव्हती, आत देवाकडे बघत होती. मी तिच्या हातावर अंगारा ठेवला. बोटं मिटेनात तिची. अंगारा सांडला.

त्यानंतर ती तीनदा पळून आली आणि तीनदा शेवंतीने तिला परत पोचवली. वाडीतल्या बायका म्हणायच्या, ठेवून घे गे पोरीला. शेवंती ऐकायची नाही. निमाच्या वेळी माणसांनी जमवलेलं होतं, म्हणून निमाला ठेवून घेतली. वैजूचं देवाने दिलेलं. देवाने दिलेल्यात काहीतरी अर्थ असणार, आज नाही तर उद्या कळेल, असं ती म्हणायची. कुढत नाही, अगदी शांतपणे म्हणायची. मी ऐकायचो. आता सांगून काय उपयोग, असं तेव्हा म्हणायचो. आधी म्हणायचो, अजून काही झालेलं नाही, आत्ताच कशाला सांगा. मधला एखादा दिवस सांगायचा असावा. तो मला कधी सापडला नाही.

सहा वर्षं गेली. भाऊ दळवी वारले. त्यांच्या मागोमाग त्यांची बहीण, म्हणजे वैजूची सासू गेली. सासूचे दिवस झाले आणि तेराव्या दिवशी वैजू आली ती परत गेली नाही. डावा कान पूर्ण गेला होता. उजवं मनगट वाकडं बसलेलं, त्या हाताने काजूसुद्धा सोलता येईना. आईला म्हणाली, आता पोचवायला निघालीस तर मी खाडीत उतरेन. शेवंतीने ह्या वेळी पोचवलं नाही.

चौथ्या दिवशी शेवंती देवळात आली. सकाळचीच वेळ. मी पूजा आटोपून तीर्थाचं भांडं घेऊन बाहेर बसलो होतो. ती समोर येऊन उभी राहिली.

"वैजूच्या सासून मरताना तिका सांगल्यान," ती म्हणाली. "म्हणाली, तू आमच्या घरात येवच्या आदी तुमच्या गुरवान सगळा बघितलेला. बांगड्यांच्या काचांका सुपली त्यानाच धरलेली. माका वाटला, तो तुझ्या आवशीक सांगतलो. मी वाट बघी होतंय. सांगतलो आणि ह्या चेडू वाचतला."

मी मान खाली घातली.

"खरा काय ता?"

"होय."

"कौलाच्या आदी?"

"आदी. साल झाला होता."

ती रडेल, ओरडेल, अंगावर धावून येईल असं मला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ती तिथेच पायरीवर बसली, माझ्यापासून हातभर अंतरावर, आणि विचारत राहिली.

"भाऊंका म्हायत होता?"

"होता."

"तू गाऱ्हाणा घातलंस, आणि ते माझ्या बाजूक उभे ऱ्हवान व्हय म्हाराजा म्हणाले."

"शेवंती, मी देवावर सोडलेला. माका वाटला, तो डावी देतलो. मी लबाडी करूक नाय. दोनय पाकळ्यो सारक्यो लावलंय. देवाची शपथ. त्यानाच उजवी दिल्यान. मी काय करू?"

हे मी बोललो. सहा वर्षं मनात घोकलेलं वाक्य होतं ते. आणि त्याच्या खाली आणखी एक होतं, तेही बाहेर पडलं. "इचार त्याका. त्यान कित्याक दिल्यान उजवी?"

शेवंतीने आत, पाषाणाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"त्यान डावीच दिलेल्यान," ती म्हणाली. "शिरंब्याक. राऊळांच्या ओटयेर. तुझ्या डोळ्यांसमोर दिल्यान. आणखी कशी देवक होयी होती त्यान? बारा दिवस तुका थंय नेवन ठेवल्यान, त्याच घरात जेवक बसयल्यान. देवाचो निरोप होतो तो. माझ्या नावाचो. तू माका आणून दिलंस नाय."

मी तीर्थाचं भांडं खाली ठेवलं. सभामंडपात माझा भाचा झाडलोट करत होता त्याच्या झाडूचा आवाज येत होता.

"मी सांगतंय," शेवटी म्हटलं. "कोर्टात सांगतंय, पंचायतीत सांगतंय. खय म्हणशील थंय येवन सांगतंय."

"आता?" ती म्हणाली. "आता तिच्याकडे बघितल्यार कोणाकय कळता. आता तुझ्या सांगण्याचा मी काय करू?"

ती उठली. पदर सारखा केला आणि आत गेली. उंबऱ्याशी बसून तिने देवाला फुलं वाहिली, हात जोडले, बराच वेळ डोकं टेकून राहिली. मला वाटलं होतं ती आता देवळाची पायरी चढणार नाही. पण देवावर तिचा राग नव्हताच. नेहमीसारखी प्रदक्षिणा घातली, घंटा वाजवली, बाहेर आली.

सवयीने मी पळी भरून पुढे केली. "तीर्थ घे गे."

"नको," ती म्हणाली. "देव माझो आसा. तुझ्या हातचा नको."

त्याला आता चोवीस वर्षं झाली. शेवंती रोज देवळात येते, आणि मी बाहेर बसलेला असलो तर तीर्थ न घेता जाते.